सूर्याची चाल आणि सूर्याची प्रकृती



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्यासारखा प्रत्येक चांगला शिक्षक वर्गात एक गोष्ट आवर्जून शिकवतो. उत्तर सांगताना ते कितपत खात्रीचे आहे, हेही सांगावे. आजच्या माझ्या विषयाचे मर्म या एका शिकवणीत सामावलेले आहे. विषय असा : सूर्य सदासर्वकाळ सारखा नसतो, त्याच्यातील बदलांचा पृथ्वीवर परिणाम होतो, तो परिणाम आधी सांगता येतो काय, आणि येत असल्यास किती आधी व किती भरवशाने?

सुरतेच्या श्रोत्यांना या प्रश्नाची पहिली बाजू समजावून सांगण्यास २२ जुलै २००९ या दिवसाइतके चांगले उदाहरण नाही. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया खंबातच्या आखातावरून भारतभूमीवर आली आणि तिच्या वाटेवरचे पहिले मोठे शहर होते आपले सुरत. सकाळी सहा-वीसच्या सुमारास सूर्यबिंब पूर्ण झाकले जाईल आणि ती अवस्था तीन मिनिटांहून थोडी अधिक टिकेल, हे गणितज्ञांनी कित्येक वर्षे आधी सांगून ठेवले होते. छाया ठरल्या वेळी आली. आषाढ अमावास्येच्या ढगांनी मात्र पुष्कळांची निराशा केली. चंद्राची सावली वर्षानुवर्षे आधी वर्तवता आली. त्या सकाळचे ढग तसे वर्तवता आले नाहीत.

सूर्याच्या बाबतीतही असेच आहे. सूर्याची चाल, म्हणजे त्याचा उदय, अस्त, संक्रमण आणि ग्रहण, ही गणिताच्या पूर्ण स्वाधीन आहे. पंचांगकर्त्यांनी ती शतकानुशतके सांगितली. परंतु सूर्याची प्रकृती, म्हणजे त्याचे क्षोभ, त्याच्यावरील डाग आणि त्याच्यातून उसळणारे द्रव्य, ही अद्याप गणिताच्या अर्ध्यामुर्ध्याच ताब्यात आली आहे. आपण आज या प्रकृतीविषयी बोलणार आहोत.

डागांचे चक्र

सूर्यावरील डाग ही नवी माहिती नव्हे. दुर्बिणीतून ते सतराव्या शतकाच्या आरंभापासून पाहिले जात आहेत. परंतु त्यांच्या संख्येत काही नियम आहे, हे लक्षात यायला दोनशेहून अधिक वर्षे लागली. जर्मनीतील देसाऊ येथील हाइन्रिख श्वाबे हा औषधविक्रेता १८२६ पासून रोज सूर्याचे निरीक्षण करीत होता. बुधाच्याही आत एखादा ग्रह असावा आणि तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसावा, ही त्याची आशा होती. तो ग्रह नव्हताच. पण सतरा वर्षांच्या नोंदींतून त्याला दिसले की डागांची संख्या सुमारे दहा वर्षांनी वाढते व कमी होते. आज आपण हे चक्र सरासरीने अकरा वर्षांचे मानतो.

डाग म्हणजे सूर्यपृष्ठावरील अशी ठिकाणे, जेथे चुंबकीय क्षेत्र अतिशय प्रबळ असते आणि त्यामुळे आतून वर येणारी उष्णता अडते. तो भाग आसपासच्या मानाने थंड, म्हणून काळा दिसतो. या चुंबकीय क्षेत्राचे पीळ तुटतात व पुन्हा जुळतात, तेव्हा त्यात साठलेली ऊर्जा मोकळी होते. क्षणात क्ष-किरणांचा व अतिनील किरणांचा लोट निघतो. त्यास सौरज्वाला म्हणतात. कित्येकदा सूर्याच्या प्रभामंडलातील विद्युत्भारित द्रव्याचा प्रचंड ढग आपले चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन अवकाशात फेकला जातो. हा ढग पृथ्वीच्या दिशेने आला तर आपल्या ग्रहाच्या चुंबकीय आवरणाला हादरा बसतो. त्याला चुंबकीय वादळ हे नाव आहे.

दुष्काळाचे भाकीत करण्याचा मोह

अकरा वर्षांचे चक्र हाती आल्यावर माणसाला मोह झाला नसता तरच नवल. सूर्य हा पावसाचा मूळ कर्ता. त्याचे चक्र ठाऊक झाले, तर दुष्काळाचे वर्षही आधी कळेल! १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळात दक्षिण भारतात लाखो माणसे दगावली. त्याच सुमारास, १८७७ मध्ये, नॉर्मन लॉकयर आणि विल्यम हंटर यांनी सौरडाग व दुष्काळ यांचा संबंध जोडणारा लेख लिहिला. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स तर एक पाऊल पुढे गेला. डागांमुळे हिंदुस्थानचे पीक बिघडते, पीक बिघडले की विलायती मालाची मागणी घटते आणि त्यातून इंग्लंडात व्यापारी अरिष्ट येते, अशी साखळी त्याने १८७८ मध्ये मांडली. सुरतेसारख्या व्यापारी नगरातील श्रोत्यांना ही कल्पना मनोरंजक वाटेल. पण ती टिकली नाही.

ती का टिकली नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. पृथ्वीला सूर्यापासून दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊर्जा मिळते. डागांच्या पूर्ण चक्रात या आकड्यात पडणारा फरक अवघा हजारात एकाच्या आसपास असतो. त्याचा पृथ्वीच्या सरासरी तापमानावर होणारा परिणाम एक दशांश अंशाच्या घरात जातो. मोसमी पावसावर सत्ता चालवणाऱ्या इतर कारणांपुढे हा आवाज फार क्षीण आहे. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१५ मध्ये जगभरच्या पर्जन्यनोंदी डागांच्या संख्येशी ताडून पाहिल्या, तेव्हा भरवसा ठेवावा असा संबंध त्यांना मिळाला नाही. पुढे त्यांनी पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुदाबाच्या झोक्याचा शोध लावला. तो पावसाच्या अंदाजाला खरोखर उपयोगी पडला.

आपल्या तापीचेच उदाहरण घ्या. सुरत बुडवणारा ऑगस्ट १९६८ चा महापूर आला, तेव्हा सौरचक्र आपल्या शिखराजवळ होते. ऑगस्ट २००६ चा महापूर आला, तेव्हा ते उतरून तळाकडे चालले होते. सूर्यावरील डाग मोजून ज्याने पुराचा इशारा दिला असता, तो या दोहोंपैकी एका वेळी खासच फसला असता. तापीच्या पुरासाठी खोऱ्यातील पाऊस आणि उकाईची पातळी पाहावी. सूर्याच्या डागांकडे पाहू नये. सौरडागांवरून पावसाचे भविष्य सांगणारे लोक अधूनमधून भेटतात, म्हणून हे स्पष्ट सांगितले.

कुलाब्याची नोंदवही

मग सूर्याच्या क्षोभाचा पृथ्वीशी खरा संबंध कोठे आहे? त्याचे उत्तर मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत लिहिले गेले. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे होत. टांगलेल्या चुंबकाचे वाचन डोळ्यांनी करावयाचे, वहीत लिहावयाचे. आणि सुई अस्वस्थ झाली की तासाची वाट न पाहता दर काही मिनिटांनी लिहावयाचे, असा तेथील शिरस्ता होता.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या निरीक्षकाला डागांच्या एका मोठ्या समूहावर पांढरा प्रकाश क्षणभर लखलखताना दिसला. त्यानंतर साडेसतरा तासांच्या सुमारास पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. युरोपातील कित्येक वेधशाळांची उपकरणे मोजपट्टीच्या बाहेर गेली. मुंबईत तेव्हा सकाळ होती, आणि कुलाब्याचा निरीक्षक वाचन लिहीत राहिला. क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे त्या नोंदींतून दिसते. मुंबईच्या एकंदर क्षैतिज बलाच्या ते चार टक्क्यांच्या आसपास होते. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लखिना व शोभना अॅलेक्स यांच्यासह या जुन्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि ज्ञात इतिहासातील या सर्वांत विख्यात वादळाचे माप जगाला कुलाब्याच्या वहीतून मिळाले. ४ फेब्रुवारी १८७२ चे वादळही असेच मोठे होते. त्या रात्री ध्रुवप्रदेशी दिसणारा ध्रुवीय प्रकाश मुंबईपर्यंत दिसल्याचे वृत्त तेव्हाच्या वर्तमानपत्रात आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या विद्युत्प्रवाहाने चुंबकसूची बिघडेल, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांनी १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू केली, आणि दोन्हीकडच्या नोंदी नीट जुळाव्यात म्हणून काही काळ कुलाबा व अलिबाग येथील मापने एकाच वेळी चालू ठेवली. वहीचा धागा तुटू दिला नाही. त्याच काळात तामिळनाडूतील कोडाईकनाल येथे सूर्याची रोजची छायाचित्रे घेण्यास आरंभ झाला. या संग्रहाला आता शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत. सूर्याचे भाकीत करू पाहणाऱ्या आजच्या संगणकाला हा मागचा हिशेब लागतोच.

भाकिताच्या तीन मुदती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सूर्याच्या प्रकृतीविषयी आज तीन निरनिराळ्या मुदतींची भाकिते केली जातात. प्रत्येकीचा भरवसा वेगळा आहे, आणि गोंधळ होतो तो या तिन्ही एकच समजल्यामुळे.

पहिली मुदत वर्षांची : येणारे चक्र प्रबळ की दुर्बल? चोविसाव्या चक्राविषयी २००६ मध्ये अमेरिकेतील एका गटाने ते मागच्यापेक्षा ३० ते ५० टक्के प्रबळ असेल असे सांगितले. बंगळूरच्या अर्णव राय चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सांगितले की ते सुमारे ३५ टक्के दुर्बल असेल. सूर्याने बंगळूरची बाजू घेतली. पुढच्या, म्हणजे पंचविसाव्या, चक्राविषयी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०१९ मध्ये जो अंदाज दिला, त्यात शिखर जुलै २०२५ च्या सुमारास आणि डागांचा गुळगुळीत केलेला अंक ११५ धरला होता. प्रत्यक्षात शिखर ऑक्टोबर २०२४ मध्ये आले आणि अंक १६१ च्या जवळ गेला. वेळ बऱ्यापैकी जमली, जोर चुकला. उपग्रहाचे आयुष्य किती धरावे, यासारख्या नियोजनाला अशा भाकिताचा उपयोग आहे. एखाद्या विशिष्ट दिवसाविषयी ते काहीच सांगत नाही.

दुसरी मुदत दिवसांची : सूर्यावरून ढग निघाला, तो पृथ्वीवर केव्हा पोहोचेल? सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत आठ मिनिटे वीस सेकंदांत येतो. त्यामुळे ज्वालेचे क्ष-किरण आले की तेच आपले पहिले वृत्त. त्याच्या आधी इशारा देण्यास वेळच नसतो. द्रव्याच्या ढगाला मात्र एक ते तीन-चार दिवस लागतात. तो निघताना दुर्बिणींना दिसतो, त्याचा वेग मोजता येतो आणि पोहोचण्याची वेळ सांगता येते. तरी त्या वेळेत दहा-बारा तासांची चूक सहज पडते. एस.टी. दुपारी येणार म्हणावे आणि ती मध्यरात्री यावी, तसा हा प्रकार आहे.

तिसरी मुदत मिनिटांची, आणि तीच सर्वांत भरवशाची. वादळ किती मोठे होईल, हे ढगाच्या वेगाइतकेच त्यातील चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरते. ते उत्तरेकडे असेल तर पृथ्वीच्या आवरणाची आगळ लागलेली राहते. दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या चुंबकरेषा ढगाच्या रेषांशी जुळतात, आगळ निघते आणि ऊर्जा आत शिरते. ही दिशा दुरून विश्वासाने ओळखता येत नाही. ढग अंगावरून जातो तेव्हाच ती मोजता येते. म्हणून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर अंतरावर सूर्याच्या दिशेने एक चौकी बसवतात. भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी त्या बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात तयार झाली, तर सौरवाताचे कण मोजणारे एक उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत. या दोन शहरांच्या मधल्या वाटेवर राहणाऱ्या आपणा सुरतकरांस याचे कौतुक वाटावे. अशा चौकीवरून मिळणारी सूचना पंधरा मिनिटे ते एक तास आधीची असते.

सुरतेवरचे आकाश

आता कोणी म्हणेल, की हे सारे ध्रुवाकडच्या देशांचे दुखणे आहे. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्यूबेक प्रांतात वीज गेली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. आपल्याकडे तसे कोठे होते? वीजवाहिन्यांपुरते हे बरेचसे खरे आहे. परंतु आपल्या डोक्यावर दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती सुरतेच्या अक्षांशावर विशेष ठळक आहे.

साधारण शंभर किलोमीटरपासून वर वातावरणाचा जो थर सूर्याच्या अतिनील किरणांनी विद्युत्भारित झालेला असतो, त्याला आयनांबर म्हणतात. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. दिवसा तेथील इलेक्ट्रॉन विद्युत्क्षेत्राने वर उचलले जातात आणि चुंबकरेषांवरून घसरत उत्तर व दक्षिण बाजूंना उतरतात. कारंज्याचे पाणी मधून वर जाऊन कडांना पडते, तसेच हे घडते. या कारंज्याची उत्तरेकडील धार जेथे पडते, त्या पट्ट्याजवळ गुजरात आहे. इच्छानाथ येथील सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत २००८ व २००९ या सूर्याच्या अतिशय शांत वर्षांत जीपीएसच्या संकेतांवरून सुरतेवरील इलेक्ट्रॉनांची मोजणी झाली, ती याच कारणासाठी. सूर्यप्रकृतीच्या मानाने शांत असलेल्या काळातील अशी मोजणी पुढच्या तुफानी वर्षांशी तुलना करण्यासाठी पायरीच्या दगडासारखी असते.

याचा व्यवहाराशी संबंध असा. उपग्रहाचा संकेत या थरातून येताना किंचित रेंगाळतो. एका चौरस मीटरच्या स्तंभात इलेक्ट्रॉनांची संख्या एकावर सोळा शून्ये इतकी असेल, तर त्याला एक एकक म्हणतात. अशा प्रत्येक एककामागे जीपीएसच्या नेहमीच्या कंप्रतेवर अंतरात सुमारे १६ सेंटीमीटरची चूक येते. सौरचक्राच्या शिखरावर आपल्या पट्ट्यात दुपारी हा आकडा शंभर एककांपर्यंत व कधी त्यापुढेही जातो. म्हणजे चूक सोळा मीटर झाली! शिवाय सूर्यास्तानंतर, विशेषतः दोन्ही संपातांच्या महिन्यांत, या थरात विरळ पोकळ्या बुडबुड्यांसारख्या वर चढतात. त्यांतून येणारा संकेत ताऱ्यासारखा लुकलुकतो आणि क्वचित तुटतोही. हजिऱ्याकडे येणारे जहाज, मगदल्ल्याच्या धावपट्टीवर उतरणारे विमान, जमिनीची मोजणी करणारा सर्वेक्षक, या सर्वांचा संबंध या संकेताशी आहे.

विमानांसाठी इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी 'गगन' ही सुधारणा-व्यवस्था उभारली. देशभरची केंद्रे या थराची मोजणी करतात आणि पाच-पाच अंशांच्या जाळीच्या छेदबिंदूंसाठी दुरुस्तीचा आकडा उपग्रहावरून विमानाला कळवतात. त्याबरोबर या दुरुस्तीवर किती विसंबावे, तोही आकडा कळवला जातो. खात्री कमी झाली की वैमानिकाला तसे समजते आणि तो दुसऱ्या साधनाकडे वळतो. मला या व्यवस्थेतील सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

१० व ११ मे २०२४ रोजी गेल्या वीस वर्षांतील सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले. लडाखमधील हान्ले येथून आकाशातील लाल आभा टिपली गेली. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत उपग्रहावर चालणारी ट्रॅक्टरे शेतात थांबली. याउलट, फेब्रुवारी २०२२ मध्ये एक मध्यमच वादळ आले; पण त्याने वातावरणाचा वरचा थर तापून फुगला आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ पर्यंत उपग्रह खाली ओढले जाऊन नष्ट झाले. वादळ मध्यम असेल, हा अंदाज बरोबर होता. मध्यम वादळाचे मोल काय, हे ओळखण्यात उणीव राहिली. भाकीत करणारा आणि ते वापरणारा, या दोघांच्या मधली ही दरी यंत्राने बुजत नाही.

आपण काय करावे

सामान्य माणसाने सौरवादळाला भिण्याचे कारण नाही. हवेचे आवरण आणि चुंबकीय कवच आपले शरीर सांभाळण्यास समर्थ आहेत. समाजमाध्यमांतून 'उद्या सारे बंद पडणार' असे निरोप फिरतात, तेव्हा तीन प्रश्न विचारावेत : हे भाकीत वर्षांच्या मुदतीचे की मिनिटांच्या? ते कोणत्या मोजणीवर आधारलेले आहे? आणि सांगणाऱ्याने आपल्या चुकीची मर्यादा सांगितली आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर पहिल्या दोहोंची वाट पाहू नये. मात्र ज्यांचे काम उपग्रहाच्या संकेतावर चालते, त्यांनी तो संकेत काही तास नसेल तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. जहाजावर होकायंत्र व नकाशा आणि सर्वेक्षकाच्या पेटीत जुनी साधने असावीत, ती याचसाठी.

शाळेसाठी माझी एक विनंती आहे. लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून रोज डाग मोजता येतात. सूर्याकडे डोळ्याने किंवा दुर्बिणीतून थेट पाहणे सर्वथा वर्ज्य. प्रतिमा फक्त कागदावर पाहावयाची, तीही शिक्षकांच्या देखरेखीखाली. माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतले, तर एक दुर्बीण आणि एक जाड नोंदवही ही भेट मोठी नाही. पावसाळ्यात कित्येक दिवस त्या वहीत 'ढगाळ, निरीक्षण नाही' एवढेच लिहावे लागेल, तेही लिहावे. अकरा वर्षांत सातव्या इयत्तेतील विद्यार्थी पदवीधर होऊन नोकरीला लागलेला असेल, आणि एक संपूर्ण सौरचक्र सुरतेच्या एका मराठी शाळेच्या वहीत उतरलेले असेल. कुलाब्याच्या निरीक्षकाला आपल्या आकड्यांचा उपयोग दीडशे वर्षांनी कोण करणार, हे माहीत नव्हते. त्याने ते नीट लिहिले, एवढेच त्याच्या हाती होते, आणि आपल्याला तेवढे पुरले.